फ्रँकफर्टचं मोठं स्टेशन: आम्ही दोघी जावा, चार बॅगा आणि सकाळची गाडी

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, तेव्हा सांभाळून घ्या.

लेक जर्मनीत फ्रायबुर्गला असते. पुढच्या महिन्यात तिचं बाळंतपण आहे, म्हणून मी आणि धाकट्या जाऊबाई निघालोय. दोघींचाही पहिलाच परदेश प्रवास. विमान दुबईमार्गे संध्याकाळी फ्रँकफर्टला उतरतं. रात्री तिथल्या मोठ्या स्टेशनसमोरच्या हॉटेलात मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास फ्रायबुर्गची आयसीई, म्हणजे तिथली लांब पल्ल्याची वेगवान गाडी. तिकिटं, जागांचं आरक्षण सगळं जावयांनी करून पाठवलंय. ते फ्रँकफर्टला घ्यायला येतो म्हणत होते, पण या दिवसांत तिला एकटीला ठेवून कुठे जाऊ नका, असं मीच बजावलं. त्यानंतर त्या स्टेशनचा व्हिडिओ बघितला! वर चोवीस फलाट, तळघरात आणखी, आणि माणसं नुसती पळतायत.

नाशिकरोडला पंचवटी पकडण्यात उभी हयात गेली, त्यामुळे गाडीची धास्ती नाही. पण आपल्याकडे अडलं तर शेजारच्या कुणालाही विचारता येतं. तिथे विचारायचं कोणाला? इंग्रजी मला कामापुरतं येतं, जाऊबाईंना समजतं पण बोलत नाहीत. विमानतळावरून स्टेशनला कसं जायचं, फलाट कधी आणि कुठे कळतो, आपला डबा कुठे लागणार, हमाल मिळतात का, हे जाणकारांनी सांगावं. चार मोठ्या बॅगा आहेत. त्यातल्या दीड बॅगेत डिंक, खारीक, अळीव, सुंठ आणि बाळंतशेपा.

मैनाबाई

गोदाकाठताई, लेकीला खूप खूप शुभेच्छा! मी फ्रँकफर्टातच असते, तेव्हा विमानतळापासून सुरू करते.

विमानतळाला दोन रेल्वे स्टेशनं आहेत. एक लांब पल्ल्याच्या गाड्यांचं, दुसरं लोकलचं. तुम्हाला लोकलचं हवं, ते टर्मिनल १ च्या खालीच आहे. विमान कुठल्याही टर्मिनलला लागलं तरी टर्मिनल १ कडे न्यायची सोय असते, पाट्या इंग्रजीतही आहेत. इथल्या लोकलला एस-बान म्हणतात, खूण हिरव्या गोलात पांढरा एस. तुम्हाला एस-८ किंवा एस-९ घ्यायची आहे. नंबर बघून लगेच चढू नका, कारण त्याच नंबरची गाडी दुसऱ्या दिशेने वीसबाडेनलाही जाते. पाटीवर हानाउ किंवा ऑफेनबाख असेल तर ती शहरात जाणारी. दहा-पंधरा मिनिटांत स्टेशन येतं.

तिकीट मशीनवर काढायचं, भाषा इंग्रजी करता येते, कार्ड चालतं. इथलं तिकीट काढल्या वेळेपासूनच चालू होतं, वेगळा शिक्का मारायला लागत नाही. मात्र काढाच. गेट नाही, दारावर टीसी नाही, त्यामुळे सगळं फुकट असल्यासारखं वाटतं. साध्या कपड्यातले तपासनीस गाडीत येतात आणि दंड ६० युरो. मशीनपाशी कुणी आपणहून "मदत करू का" म्हणत आलं तर हसून नको म्हणा.

लोकल जमिनीखाली थांबते, फलाट १०१ ते १०४ पैकी कुठलातरी. तिथून वर आलात की मोठं स्टेशन.

मेतकूट

एक शंका. फ्रायबुर्गला जायला विमानतळाच्या लांब पल्ल्याच्या स्टेशनवरूनच थेट गाड्या आहेत. मग शहरात कशाला शिरायचं?

गोदाकाठ

मेतकूट, जावयांचंही तेच म्हणणं होतं. पण विमान उशिरा आलं, सामान यायला वेळ लागला तर रात्रीची गाडी चुकायची. तिकीट स्वस्तातलं, त्याच गाडीला बांधलेलं. म्हणून रात्र मध्ये ठेवली. शिवाय जाऊबाईंना प्रवासानंतर पाठ टेकल्याशिवाय चालत नाही.

मेतकूट

हे मात्र पटलं. बाडीस (बाय डिफॉल्ट सहमत).

पावशेर

अळीव आणि बाळंतशेपा बघून कस्टमवाला आधी घाबरेल, मग स्वतःलाच दोन चमचे मागून घेईल. ह. घ्या.

मैनाबाई

पावशेर 😄 पण ताई, गमतीचा भाग सोडला तर दूध-खव्याचं काही आणू नका. पेढे, पनीर, खवा, असं दुधाचं आणि मांसाचं सामान बाहेरून युरोपात आणायला बंदी आहे. डिंक-खारीक कोरडंच आणा आणि लाडू इथे येऊन वळा, तूप इथे उत्तम मिळतं.

सांधेवाला

आता आमचा विषय निघालाच आहे तर जरा सविस्तर लिहितो. कंटाळा आला तर खाली उतरा.

ताई, व्हिडिओत दिसतं तेवढं ते स्टेशन अवघड नाही, आणि त्याचं कारण त्याच्या रचनेत आहे. फ्रँकफर्ट हे आपल्या सीएसएमटीसारखं टर्मिनस आहे. रूळ तिथे संपतात. सगळे फलाट एका बाजूने उघडे आणि त्यांच्या तोंडाशी एक आडवा लांबरुंद पट्टा. त्या पट्ट्यावरून चालत गेलं की १ पासून २४ पर्यंत सगळे फलाट ओळीने येतात. जिना नाही, पूल नाही, भुयार नाही. चार बॅगा घेतलेल्या माणसाला याहून सोयीचं काय हवं? दादरला पुलावरून पलीकडे जाताना जी दमछाक होते तिचा इथे प्रश्नच येत नाही. एकदा एस-बानच्या तळघरातून लिफ्टने वर आलात की पुढे सगळं सपाट.

योगायोग असा की हे स्टेशन १८८८ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालं आणि आपल्या सीएसएमटीची इमारतही १८८८ सालीच पूर्ण झाली. दर्शनी भागावर अगदी माथ्याला पाठीवर पृथ्वी घेतलेला अ‍ॅटलास आहे, आणि त्याला हातभार लावणाऱ्या दोन मूर्ती, एक वाफेची आणि एक विजेची. छताच्या मधल्या तीन कमानी मूळच्या, कडेच्या दोन १९२४ साली जोडलेल्या. हॉटेल समोरच आहे तर मान वर करून बघाच.

आता इंडिकेटर. मोठा निळा इंडिकेटर हॉलमध्ये आहे आणि त्या आडव्या पट्ट्यावरही आहेत. त्यावर वेळ, गाडीचा नंबर, मधली मोजकी स्टेशनं, शेवटचं स्टेशन आणि फलाट, या क्रमाच्या आसपास माहिती असते. तुम्ही फ्रायबुर्ग शोधाल आणि मोठ्या अक्षरात फ्रायबुर्ग कुठेच नसेल. कारण ती गाडी पुढे स्वित्झर्लंडकडे जाते, म्हणून ठळक नाव बाझेल किंवा झ्युरिकचं असेल. आपण पुण्याला उतरणार असलो तरी पाटीवर चेन्नई असते ना, तोच प्रकार. म्हणून गावाचं नाव न शोधता तिकिटावरचा गाडी नंबर आणि सुटायची वेळ या दोनच गोष्टी जुळवा. वेळ चोवीस तासांच्या घड्याळात असते.

भिंतीवर छापील तक्तेही असतात. पिवळा तक्ता सुटणाऱ्या गाड्यांचा, पांढरा येणाऱ्या गाड्यांचा. बरेच नवखे पांढऱ्यासमोर उभे राहून गाडी शोधतात. पिवळा बघायचा.

सांधेवाला

(पुढे चालू)

डब्याची भानगड. आयसीई गाड्या लांब असतात, काही साडेतीनशे मीटरच्या पुढे. फलाटावर ए, बी, सी, डी असे विभाग पाडलेले असतात, अक्षरं वर टांगलेल्या निळ्या पाट्यांवर दिसतात. तुमच्या तिकिटावर डबा नंबर आहे. तो कुठल्या अक्षराखाली येणार हे फलाटावरच्या इंडिकेटरवर छोट्या चित्रात दाखवतात, रेल्वेच्या अ‍ॅपमध्येही दिसतं. आपल्या कोच पोझिशनचंच भावंड.

पण एक लक्षात ठेवा. कधीकधी गाडी उलट्या क्रमाने येते. पहिला डबा शेवटी, शेवटचा पहिला. तसं असेल तर इंडिकेटरवर सरकती ओळ येते आणि घोषणा होते. त्या क्षणी फलाटावरची निम्मी माणसं बॅगा ओढत इकडून तिकडे निघालेली दिसतील. तसं दिसलं तर आधी आपल्या डब्याचं अक्षर पुन्हा बघा, मग हला.

आणि टर्मिनस असल्याने आणखी एक गंमत. हाम्बुर्गकडून आलेली गाडी इथे तोंडाने आत शिरते आणि शेपटीकडून बाहेर पडते. आधीपासून बसलेले लोक आता उलटे बसून प्रवास करतात. गाडी सुटली की शेजारची नवखी मंडळी "अरे, ही परत चालली!" म्हणून दचकतात. तुम्ही दचकू नका, बरोबर चालली आहे. या उलटापालटीत वेळ जातो म्हणूनच स्टुटगार्टचं टर्मिनस मोडून भुयारी स्टेशन करायचा घाट घातला गेला, आणि फ्रँकफर्टखालीही लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी बोगद्याची योजना आहे. असो, ते वेगळ्या धाग्याचं काम.

पावशेर

सांधेवाले, रूळ संपतात तिथे गाडी थांबली नाही तर?

सांधेवाला

झालंय तसं. १९०१ च्या डिसेंबरात ओस्टेंड-व्हिएन्ना एक्स्प्रेस रुळांच्या टोकाचा बफर तोडून सरळ उपाहारगृहाच्या हॉलमध्ये घुसली होती. तिचे फोटो आजही नेटवर बघायला मिळतात.

पावशेर

चहा तिथेच मिळाला म्हणायचा.

गोदाकाठ

सांधेवाले, इतकं नीट कुणी समजावलं नव्हतं, जावयांनीही नाही! प्रिंट काढून जाऊबाईंना दिली. सीएसएमटीसारखं आहे म्हटल्यावर त्यांचा रक्तदाब खाली आला.

पण हमालांचं कुणीच बोललं नाही.

मेतकूट

कारण हमाल नाहीत. 🙂 मी मानहाइमला चार वर्षं काढली, तेव्हा बॅगांचं मी सांगते.

आपल्या बॅगा आपणच चढवायच्या. काही गाड्यांना दारात पायऱ्या असतात, फट असते. दोघी आहात हे बरं. एकीने आधी चढायचं आणि वरून ओढून घ्यायचं, दुसरीने खालून ढकलायचं आणि शेवटची बॅग वर गेल्याशिवाय खालचीने जागा सोडायची नाही. डब्यात शिरल्या शिरल्या मोठ्या बॅगांसाठी मांडणी असते, तिथे जागा मिळाली तर उत्तम. नसेल तर पाठीला पाठ लावलेल्या दोन सीटांच्या मधल्या त्रिकोणात बॅग बसते. डोक्यावरच्या फळीवर तेवीस किलो चढवायच्या भानगडीत पडू नका. कुणा तरुणाला नुसती खूण केलीत तरी उचलून देतो. इथली माणसं आपणहून पुढे येत नाहीत पण मागितलेली मदत नाकारत नाहीत, हा माझा अनुभव.

शक्य असेल तर चाराच्या तीन करा. प्रत्येकीला दोन हात, आणि एक हात तिकीट-फोन-जिन्याचा कठडा यासाठी मोकळा लागतो.

पाणी विकत घेताना बाटली नीट बघा. निम्म्या बाटल्यांत सोड्यासारखं बुडबुड्यांचं पाणी असतं. "श्टिल" लिहिलेलं साधं. बाटलीच्या किमतीत २५ सेंट अनामत धरलेली असते, रिकामी बाटली दुकानातल्या मशीनला परत दिली की मिळते. स्टेशनवर कचऱ्याच्या डब्यांत हात घालून बाटल्या शोधणारी माणसं दिसतील ती यासाठीच. स्टेशनातलं स्वच्छतागृह पैसे देऊन, तेव्हा सुटी नाणी जवळ ठेवा. गाडीतलं फुकट.

अण्णा_मिरजकर

रेल्वेतून निवृत्त झालेला माणूस आहे, म्हणून राहवत नाही. जर्मन गाड्या घड्याळ लावून घ्यावं इतक्या वेळेवर, हे आम्ही नोकरीत असल्यापासून ऐकतो. ताईंनी तेवढ्या तरी बाबतीत निर्धास्त असावं.

दवबिंदू

अण्णा, ते दिवस गेले. २०२४ साली जर्मनीतल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्केच वेळेवर होत्या, आणि तिथे सहा मिनिटांपर्यंतचा उशीर वेळेवरच धरतात. घड्याळ लावायचं तर झ्युरिकला जा.

अण्णा_मिरजकर

६२.५? आमच्या मिरज-कोल्हापूरला लोक उगाच शिव्या घालत होते म्हणायचे.

सांधेवाला

अण्णा 😄 कारणं तुम्हाला सांगायला नकोत. जुनी झालेली मार्गिका, एकाच रुळावर लोकल, मालगाडी आणि आयसीई, आणि मोठ्या जंक्शनांवर गर्दी. फ्रँकफर्ट त्यातलंच.

ताईंच्या दृष्टीने महत्त्वाचं असं: स्वस्तातलं तिकीट एका गाडीला बांधलेलं असतं हे खरं. पण रेल्वेच्याच उशिराने मुक्कामी पोचायला २० मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असं दिसलं, की ते बंधन सुटतं. गाडी रद्द झाली तरी तेच. मग त्या दिशेची पुढची गाडी त्याच तिकिटावर घ्यायची, फक्त जागेचं आरक्षण तिथे लागू नसतं. ६० मिनिटं उशीर झाला तर भाड्याच्या २५ टक्के, १२० मिनिटं झाला तर ५० टक्के परत मागता येतात. तो अर्ज जावयांवर सोपवा.

उलट तुम्ही स्वतः उशिरा पोचलात तर तिकीट वाया. आणि सुटायच्या ठरल्या वेळेच्या जरा आधीच दारं बंद होतात. धावती गाडी पकडणं वगैरे नाही.

दवबिंदू

माहिती उत्तम चाललीये, पण कुणीच स्पष्ट बोलत नाहीये म्हणून मी बोलतो. स्टेशनासमोरचा भाग रात्री चांगला नाही. उघड्यावर नशा करणारी माणसं, वेश्यावस्ती, सगळं तिथेच. दोन बायका, पहिल्यांदा आलेल्या, सामान घेऊन रात्री आठ-नऊला तिथे चालत जाणार? हॉटेल बदला.

मैनाबाई

दवबिंदू, इतकं घाबरवू नका. मी रोज तिथून जाते.

दवबिंदू

तुम्ही रोज जाता, त्या पहिल्यांदा जाणार आहेत. फरक आहे.

मैनाबाई

बरोबर, म्हणून नेमकं सांगते. समोर जी रुंद कायझरश्ट्रासे जाते ती गजबजलेली, दुकानं-हॉटेलं आणि बरीचशी उजेडाची. तिच्या उत्तरेला टाउनुसश्ट्रासे आणि निडाश्ट्रासे, आणि आडवी जाणारी एल्बेश्ट्रासे, तिथे दवबिंदू म्हणतात ते चित्र आहे. दिसायला अंगावर येतं, पण ती माणसं आपल्याच नादात असतात, वाटेला जात नाहीत. खरा धोका खिसेकापूंचा आहे आणि तो स्टेशनाच्या आत जास्त, सरकत्या जिन्यावर आणि गाडीत चढताना दारातल्या गर्दीत. पासपोर्ट आणि पैसे पोटाशी बांधलेल्या पाकिटात. ताई, हॉटेल कुठल्या बाजूला आहे?

गोदाकाठ

जावयांना विचारलं. दक्षिणेकडच्या दारातून बाहेर पडलं की रस्ता ओलांडून समोरच, बस थांबतात त्या बाजूला म्हणे.

मैनाबाई

मग तुम्हाला त्या भागात पाऊल टाकायचीही गरज नाही. आतल्या आतच चालत दक्षिण दाराशी जा आणि तिथूनच बाहेर पडा.

दवबिंदू

ठीक आहे, दक्षिण बाजूला माझी हरकत नाही. तरी रात्री फिरायला म्हणून बाहेर पडू नका. पोलिसांसाठी ११०, रुग्णवाहिका-अग्निशमनासाठी ११२.

मैनाबाई

अजून एक सांगायचं राहिलं. हे माहीत नसतं म्हणून लोक उगाच रडकुंडीला येतात. जर्मनीतल्या शंभराच्या आसपास स्टेशनांवर बानहोफ्समिसिओन नावाची सेवा आहे, फ्रँकफर्टलाही आहे. ख्रिस्ती संस्थांनी चालवलेली, पण कुणालाही मदत करतात आणि पैसे घेत नाहीत. निळ्या जाकिटातले स्वयंसेवक असतात. म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया, वाट चुकलेले, सगळ्यांना फलाटापर्यंत पोचवतात, बसायला जागा देतात. १८९४ साली बर्लिनमध्ये याची सुरुवात झाली ती खेड्यातून शहरात कामाला येणाऱ्या एकट्यादुकट्या मुलींना स्टेशनवरच आधार मिळावा म्हणून. आधी कळवून ठेवलं तर गाडीत बसवूनही देतात. लेकीला एक फोन करायला सांगा.

चाकाची खुर्ची वगैरे लागत असेल तर रेल्वेची वेगळी मदतसेवा आहे, तीही आधी नोंदवावी लागते.

खारीखोबरं

धागा वाचनखुणेत साठवला. पण एक सावधगिरीची सूचना, हे सगळं जर्मनीपुरतं धरा. माझे सासू-सासरे पॅरिसला असंच फलाट नंबर आधी शोधत बसले होते. तिथे लांब पल्ल्याच्या गाडीचा फलाट जेमतेम वीस मिनिटं आधी लागतो, तोवर हजार माणसं इंडिकेटरकडे तोंड करून उभी. फलाटावर जायला गेट आणि दोन मिनिटं आधी दारं बंद. शिवाय पॅरिसला मुख्य स्टेशन असं एक नाहीच, सहा-सात आहेत, उतरायचं एकीकडे आणि पुढची गाडी दुसरीकडे. फ्रँकफर्टला निदान फलाट नंबर आधीपासून छापलेला असतो.

सांधेवाला

+१. तरी छापलेल्यावर पूर्ण विसंबू नये. आणि नावाच्या बाबतीत: फ्रँकफर्टही दोन आहेत, दुसरं ओडर नदीवरचं, पोलंडच्या सीमेला. शिवाय याच शहरात फ्रँकफर्ट दक्षिण म्हणून वेगळं स्टेशन आहे, काही आयसीई तिथेच थांबून पुढे जातात. ताईंच्या तिकिटावर मुख्य स्टेशनच आहे ना, हे एकदा बघून घ्या.

गोदाकाठ

बघितलं, मुख्यच आहे. सगळ्यांचे मनापासून आभार. बॅगा तीन केल्या. जाऊबाईंनी खलबत्ता काढून ठेवला, अगदी नाइलाजाने.

गोदाकाठ

मंडळी, हॉटेलवर पोचलो! विमान वेळेत, एस-९ मिळाली, हानाउ बघूनच चढलो. आत्ता रात्रीचे साडेनऊ होतायत, जाऊबाई झोपल्यात.

सामान खोलीत टाकून, अजून उजेड होता तेव्हा दोघी नुसत्या हातांनी स्टेशन बघून आलो. सांधेवाले, तुम्ही म्हणालात तसंच, सगळं एका पातळीवर. फलाट १ पासून चालायला सुरुवात केली आणि रमतगमत २४ पर्यंत गेलो. मध्ये पावाच्या दुकानाचा असा वास सुटला होता की जाऊबाईंनी बोटाने दाखवून एक मिठाचे खडे लावलेला पिळाचा पाव घेतला. बोलल्या काहीच नाहीत, पण सुटे पैसे बरोबर मोजून घेतले. एक आयसीई आत येताना पाहिली. थांबल्यावर ड्रायव्हर आपली बॅग घेऊन पुढच्या टोकाने उतरला आणि दुसरा मागच्या टोकाकडे चालत निघाला, तेव्हा तोंड-शेपटीचं प्रकरण डोळ्यांनी कळलं. हॉटेलच्या दारापासून मोठ्या इंडिकेटरपर्यंत आमच्या चालीने सात मिनिटं, बॅगांसकट बारा धरतेय.

आता अडचण. पिवळ्या तक्त्यावर उद्याच्या आमच्या गाडीसमोर फलाट ८ छापलाय. जावयांच्या फोनवर ९ दाखवतंय. यातलं खरं कुठलं धरायचं? आणि फलाटावर आत किती लवकर जाऊन उभं राहायचं?

मैनाबाई

वा ताई! रंगीत तालीम करून आलात, अर्धं काम झालं.

पावशेर

जाऊबाईंना ब्रेत्सेल आवडला का ते सांगा.

गोदाकाठ

मीठ झटकून खाल्ला. बरा म्हणाल्या.

सांधेवाला

ताई, छापील तक्ता कितीतरी आठवडे आधी तयार होतो. रुळांची कामं निघाली की फलाट बदलतात, ते अ‍ॅपमध्ये आधी कळतं. म्हणजे आत्ता तरी ९. पण उद्या सकाळी हॉलमधला मोठा इंडिकेटर सांगेल तो शेवटचा शब्द, आणि तोही गाडी येईपर्यंत बदलू शकतो. ८ आणि ९ बहुतेक एकाच चौथऱ्याच्या दोन बाजू असतील, तसं असेल तर तुम्हाला फक्त पाठ फिरवायची आहे.

लवकर जाऊन फलाटाच्या पार टोकाला उभ्या राहू नका. फलाट बदलला तर बॅगा ओढत सगळं अंतर परत यावं लागतं. गाडीच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी आडव्या पट्ट्यावरच, फलाटाच्या तोंडाशी, इंडिकेटर दिसेल असं थांबा. एकीने बॅगांपाशी, एकीने इंडिकेटरकडे लक्ष. दहा-बारा मिनिटं उरली की डब्याचं अक्षर बघून आत चालायला लागा. गाडी आधीच लागलेली असली आणि वेळ कमी असला, तर आपला डबा शोधत पळू नका. त्याच वर्गाच्या जवळच्या डब्यात चढा आणि गाडी सुटल्यावर आतून चालत जा. फक्त दोन गाड्या जोडलेल्या असतील तर मधून जायला वाट नसते, तेव्हा आपला डबा ज्या गाडीत आहे तिच्यातच चढायचं. आणि सुटल्यावर पंधरा मिनिटांच्या आत जागेवर बसा, नाहीतर त्या जागेवर दुसरा कुणीही बसू शकतो.

कार्ल्सरूहे गेलं की त्यानंतर साधारण तासाभराने फ्रायबुर्ग. तिथे गाडी दोन-तीन मिनिटंच थांबते, म्हणून दहा मिनिटं आधी बॅगा दाराशी आणा. घोषणा इंग्रजीतही होते. जावयांना तुमचा डबा नंबर आत्ताच कळवून ठेवा, म्हणजे ते नेमके त्या दारासमोर उभे राहतील.

मैनाबाई

आणि उद्या सकाळी काही अडलं तर इथेच लिहा ताई, मी आठपासून ऑनलाइन आहे. हॉटेलातला नाश्ता साडेसातला उरकून घ्या.